हातांतलें आणि हाताबाहेरचें

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. अक्षर वळणदार, कागद दोन्ही बाजूंनीं भरलेला, आणि नांवाच्या जागीं केवळ ‘एक आई’. सारांश असा : मुलगा शिकलेला, नोकरी चांगली, परंतु दहा वर्षें दारूनें घर पोखरलें. अखेर तो एका व्यसनमुक्ति-केंद्रांत राहून परत आला. आतां आठवड्यांतून तीनदां सायंकाळीं कसल्याशा सभेस जातो. तेथें सांगतात कीं, स्वतःच्या निश्चयाचा भरंवसा धरूं नकोस, आपल्याहून थोर अशा शक्तीच्या स्वाधीन हो, आणि फळाची चिंता सोड. त्या माउली विचारतात, “गुरुजी, ज्यानें आजवर संसार, अब्रू, आईबाप, सगळेंच सोडलें होतें, त्याला हे लोक आणखी काय सोडावयास सांगतात? आणि मी काय करूं? सोळा सोमवार केले, गुरुचरित्राचें पारायण केलें, कुलस्वामिनीस नवस बोललें. आतां सारें देवावर टाकून हात बांधून बसूं काय?”

पत्र चार दिवस मेजावर पडून होतें. उत्तर सुचत नव्हतें असें नाहीं. उत्तर द्यावयाचें तर स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगावी लागेल, आणि तेवढें धैर्य आपल्या अंगीं आहे कीं नाहीं, हेंच ठरत नव्हतें. ती गोष्ट पुढें येईल. आधीं त्या सभांचें मूळ सांगणें बरें. कारण कित्येकांचा समज असा कीं, हें आमच्या गीतेचेंच पाश्चात्त्यांनीं केलेलें रूपांतर आहे, आणि दुसऱ्या कित्येकांचा समज असा कीं, ही ख्रिस्ती करण्याची एक युक्ति आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत.

न्यूयॉर्क शहरीं बिल विल्सन नांवाचा शेअरबाजारांत वावरणारा एक गृहस्थ होता. जन्म १८९५ चा. दारूपायीं धंदा गेला, पत गेली. पत्नी लोइस दुकानांत नोकरी करून घर चालवी. १९३४ च्या नोव्हेंबरांत त्याचा जुना पिणारा सोबती एबी थॅचर त्यास भेटावयास आला. तो तेव्हां पीत नव्हता. ऑक्सफर्ड ग्रुप नांवाच्या एका ख्रिस्ती चळवळींत जाऊन तो सांवरला होता. पुढच्याच महिन्यांत विल्सन रुग्णालयांत गेला आणि तेथून बाहेर पडला तो पुन्हां कधीं न पिण्यासाठींच. आतां आपण सगळ्या मद्यप्यांस तारणार, असा आवेश त्याच्या अंगांत शिरला. सहा महिने त्यानें गुत्ते आणि रुग्णालयें पालथीं घातलीं. दिसेल त्या दारुड्यास धरून उपदेश केला. सुधारला मात्र एकहि नाहीं. निराश होऊन त्यानें पत्नीजवळ कबुली दिली, तेव्हां तिनें एवढेंच दाखवून दिलें कीं, या सहा महिन्यांत एक मनुष्य नक्की प्यायलेला नाहीं, आणि तो म्हणजे तो स्वतः.

मला या चळवळीच्या इतिहासांत हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. काम करणाऱ्याची दृष्टि समोरच्या फळावर होती, तेथें भोपळा. आणि खरें फळ त्याच्याच पदरांत, त्याच्या नकळत, पडून होतें.

१९३५ च्या मे महिन्यांत धंद्याच्या एका खटपटीसाठीं तो ओहायो संस्थानांतील अ‍ॅक्रन या गांवीं गेला. खटपट फसली. मेफ्लॉवर नांवाच्या हॉटेलांत तो एकटाच येरझारा घालीत होता. एका टोंकास मद्यगृह, तेथून हंसण्याबोलण्याचा आवाज. दुसऱ्या टोंकास टेलिफोन आणि गांवांतील चर्चांची यादी. आंत पाऊल पडेल या भीतीनें तो टेलिफोनकडे वळला. कोणास तारण्यासाठीं नव्हे. आपण स्वतः बुडूं नये म्हणून बोलावयास दुसरा एखादा मद्यपी हवा होता. एका धर्मोपदेशकानें कांहीं नांवें सांगितलीं, त्यांतून हेन्रिएटा सायबरलिंग नांवाच्या बाईंचा पत्ता लागला, आणि त्यांनीं १२ मे रोजीं आपल्या घरीं बॉब स्मिथ नांवाच्या शस्त्रवैद्याची गांठ घालून दिली. डॉक्टरसाहेब पंधरा मिनिटांच्या वर थांबावयाचे नाहींत म्हणून सांगून आले होते. उठले ते रात्रीं अकरा वाजून गेल्यावर. ‘तुम्ही पिऊं नका’ असें विल्सन त्यांस म्हणालाच नाहीं. स्वतःची हकीगत मात्र सांगत राहिला.

येथें कोणी म्हणेल, पाहा, कसा चमत्कार झाला! तर तसें नाहीं. थोड्याच आठवड्यांनीं स्मिथ वैद्यकपरिषदेस म्हणून अ‍ॅटलांटिक सिटीस गेले आणि तेथें भरपूर पिऊन परतले. विल्सननें त्यांस घालून पाडून बोलण्याचें टाळलें. ते सांवरेपर्यंत जवळ बसला. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, असें सांगतात, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे नांव न लावणारे मद्यपी, या मंडळाचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो. स्मिथ १९५० साली वारले, विल्सन १९७१ साली. दोघेहि त्या त्या दिवसानंतर प्यायले नाहींत. आणि ज्यानें निरोप आणून दिला तो एबी थॅचर? तो पुढें कितीदां तरी घसरला. निरोप आणणारा वारंवार बुडतो आणि ज्यास निरोप मिळाला तो तरतो. या हिशेबाची वही ठेवणें कोणा मनुष्याचें काम नव्हे.

१९३९ साली या मंडळींनीं आपल्या अनुभवाचें पुस्तक काढलें. त्यांत बारा पायऱ्या दिल्या आहेत. पहिली अशी कीं, दारूपुढें आपलें कांहीं चालत नाहीं हें कबूल करावें. दुसरींत आपल्याहून थोर अशा शक्तीवर विश्वास, आणि तिसरींत आपली इच्छा व आपलें जीवित ईश्वराच्या स्वाधीन करणें. परंतु या ‘ईश्वर’ शब्दावरून त्यांच्यांतच वाद माजला. कित्येक सभासद निरीश्वरवादी होते, आणि घरांतलीच ही तक्रार ऐकून घ्यावी लागली. शेवटीं ईश्वर या शब्दापुढें ‘ज्याला जसा कळला तसा’ अशा अर्थाची पुस्ती जोडण्यांत आली. इष्टदेवतेची कल्पना ज्यांच्या हाडींमांसीं मुरलेली आहे, अशा आपल्या लोकांस यांत कांहीं नवल वाटूं नये. एकाची शक्ति पंढरीस असते, दुसऱ्याची समोर बसलेल्या दहा-वीस माणसांच्या मंडळींत. तेथें पहिल्यानेंच आलेल्या कित्येकांस ती सभा हीच आपल्याहून थोर अशी शक्ति वाटते. आणि तें खोटेंहि नाहीं. एकट्यास जें साधलें नाहीं तें तेथें अनेकांस साधतांना दिसतें.

संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या मनुष्यास आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी. पतंजलींनीं तप आणि स्वाध्याय यांच्या जोडीस ईश्वरप्रणिधान सांगितलें. त्यावर भाष्य करितांना व्यास त्याचे दोन अर्थ देतात : सर्व क्रिया त्या परम गुरूस अर्पण करणें, किंवा त्या क्रियांच्या फळांचा संन्यास करणें. हा ‘किंवा’, मूळ संस्कृतांतील एकाक्षरी ‘वा’, मीं वर्गांत वर्षानुवर्षें भरधांव ओलांडला. आतां वाटतें, भाष्यकारांनीं दार उघडें ठेवलें तें नेमकें येथें. ज्याचा ईश्वरावर विश्वास बसतो त्यानें कर्म त्याच्या पायीं ठेवावें. ज्याचा बसत नाहीं, त्यानें निदान फळावरचा हक्क सोडावा. दोघे एकाच ठिकाणीं पोंचतात. अ‍ॅक्रनच्या मंडळींनीं हें भाष्य वाचलें असण्याचा संभव नाहीं. त्यांचें मूळ ख्रिस्ती चळवळींतलें, आणि पुढें ते तीहि सोडून स्वतंत्र झाले. परंतु एकाच दुःखांतून निघालेलीं माणसें एकाच वाटेस लागतात, यांत आश्चर्य तें काय?

आणि ‘क्रिया’ हा शब्द दोन्ही अर्थांत आहेच. क्रियाच नसेल तर अर्पण तरी काय करणार, आणि संन्यास तरी कशाचा? ‘हात बांधून बसूं काय’ या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें. रामानुजीय वैष्णवांत शरणागतीविषयीं दोन पक्ष आहेत, हें कांहीं वाचकांस ठाऊक असेल. एक पक्ष माकडिणीच्या पिलाचा दृष्टांत देतो : आई उडी मारते, पण पिलानें तिला घट्ट धरून राहिलें पाहिजे. दुसरा मांजरीच्या पिलाचा : तें नुसतें ओरडतें, आईच त्याला मानेशीं उचलून नेते. दारू सोडणाऱ्या मनुष्यास दोन्ही पिलें व्हावें लागतें, असें मला दिसतें. सायंकाळीं सहा वाजतां पायांत वहाणा घालून सभेस जाणें, जुन्या सोबत्यांची आळी टाळणें, जीव कासावीस झाला तर आपल्यासारख्याच दुसऱ्यास फोन करणें, डॉक्टरांनीं दिलेलें औषध वेळेवर घेणें, हें त्याचें स्वतःचें धरणें. पुढच्या दिवाळीपर्यंत आपण कसे राहूं, साहेब पुन्हां विश्वास ठेवील काय, बायको कधीं हंसून बोलेल, हें मात्र त्यानें उचलावयाचें ओझें नव्हे.

आतां घरची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाची. त्याची परवानगी घेऊन लिहीत आहें. त्यानें एकच अट घातली कीं, त्याचें चांगलें वर्णन करूं नये.

तो एका कचेरींत कारकून होता. पिऊं लागला कधीं हें आम्हांस कळलें नाहीं, किंवा कळूनहि आम्हीं कळवून घेतलें नाहीं. आपल्या घरांत या गोष्टीस नांवच नसतें. त्याला ‘पित्त झालें’ असें म्हणत. सोमवारीं पित्त, पगाराच्या दुसऱ्या दिवशीं पित्त. कचेरींत कळूं नये म्हणून रजेचा अर्ज पाठवावा लागे, आणि तो मी लिहीत असें. इंग्रजी अर्ज लिहिण्यांत आमच्या आळींत माझा हात धरणारा कोणी नव्हता. पित्तप्रकोप, विषमज्वर, जवळच्या नातलगाचें निधन. आमच्या एका आत्याबाईंस मीं त्या अर्जांतून तीन वेळां परलोकीं धाडलें. प्रत्यक्षांत ती साध्वी नव्वदी गांठून गेली. मुलांस सत्याचे पाठ देणारा मास्तर घरीं येऊन हें करीत होता, आणि त्यांत आपण कुटुंबाची अब्रू राखतों अशी त्याची भावना होती.

मग मीं त्याला शपथ घातली. एका गुरुवारीं सकाळीं स्नान करवून, देवापुढें बसवून, पोथीवर हात ठेववून त्याच्याकडून वदवून घेतलें कीं, आजन्म स्पर्श करणार नाहीं. भावजयीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें. मला स्वतःविषयीं फार चांगलें वाटलें, हें आज कबूल केलें पाहिजे. एकेचाळीस दिवस शपथ टिकली. बेचाळिसाव्या दिवशीं मोडली, आणि पूर्वीं जो आठवड्यांतून दोनदां पीत असे तो रोज पिऊं लागला. देवघराच्या उंबऱ्याशीं येईनासा झाला. मला वाटलें, निर्लज्ज झाला. त्यानें पुष्कळ वर्षांनीं सांगितलें, “अण्णा, लाज फार वाटे म्हणूनच येत नव्हतों. आपण मला ‘आजन्म’ दिलेंत. पण त्या रात्रीं आठ वाजल्यापासून दहा वाजेपर्यंत काय करावें, तें कोणी दिलें नाहीं.”

त्या सभांतून नेमकें तेवढेंच देतात. आजन्माचें बोलणें तेथें नसतें. आजचा दिवस, आणि तोहि जड जात असेल तर हा तास. उद्यांचा दिवस ज्याचा आहे त्याच्याकडे.

नवसाविषयीं येथेंच बोलतों. पत्रलेखिका माउलींनीं रागावूं नये. मीं स्वतः भावासाठीं नवस बोललों आहें, आणि बोलतांना मनांत काय होतें तें मला ठाऊक आहे. मी देवाशीं बोली करीत होतों. एवढीं पारायणें घे आणि त्या बदल्यांत एवढें फळ दे. दर ठरलेला, मुदत ठरलेली. यांत शरण जाणें कोठें आहे? हें तर देवास आपल्या कामावर ठेवणें झालें. आणि फळ मिळालें नाहीं कीं एकतर देवाचा राग येतो, नाहीं तर पोराचा. पारायण सोडा असें मी म्हणत नाहीं. तासभर मन ठिकाणावर राहतें, तेवढा तास मुलाच्या पावलांचा कानोसा घेणें बंद असतें, हा लाभ लहान नव्हे. त्यांतली बोली मात्र काढून टाका.

संस्कृतांत ‘मद’ हा एक विलक्षण शब्द आहे. ज्या धातूपासून मद्य त्याच धातूपासून तो. त्याचा अर्थ धुंदी असाहि होतो, हर्ष असाहि होतो, आणि षड्रिपूंच्या यादींत बसला म्हणजे गर्व असा होतो. पाश्चात्त्यांसहि असाच शब्द सांपडला. १९६१ साली विल्सननें सुप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांस पत्र लिहिलें, त्याच्या उत्तरांत युंग यांनीं दाखवून दिलें कीं, लॅटिन भाषेंत ‘स्पिरिटस’ हा एकच शब्द मद्यासहि लावतात आणि अत्युच्च आत्मिक अनुभवासहि. पिणाऱ्याची तहान मुळांत कशाची, याचा त्यांत इशारा होता. परंतु आमच्या शब्दांत तिसरा अर्थहि आहे, आणि तो मला लागू पडला. भाऊ एका मदानें धुंद होता, मी दुसऱ्या. तो सुधारावा अशी इच्छा तर होतीच, परंतु तो माझ्यामुळें सुधारावा, माझ्या शपथेनें, माझ्या उपदेशानें, आणि चार लोकांनीं तसें म्हणावें, हीहि होती. मास्तरकीचा हा रोग आहे. निकालाच्या दिवशीं उत्तीर्ण मुलें ‘माझीं’ आणि नापास मुलें त्यांच्या आईबापांचीं! माझ्या हाताखालून एकहि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा मानकरी निघाला नाहीं, याची खंत मीं निवृत्त होईपर्यंत बाळगली. आणि जो मुलगा दोनदां नापास झाला तोच आज दर गुरुपौर्णिमेस न चुकतां घरीं येतो.

माझा एक जुना विद्यार्थी डॉक्टर आहे. भावाच्या बाबतींत प्रथम त्यानेंच मला थांबविलें. मी तेव्हां दोन मोठ्या चुका करण्याच्या बेतांत होतों. त्या दोन्ही आपल्या घरांतून सर्रास होतात म्हणून येथें मुद्दाम नमूद करितों. पहिली म्हणजे, रोज पिणाऱ्यास खोलींत कोंडून एकाएकीं दारू तोडणें. शरीर दारूस सरावलेलें असतें. ती अचानक तुटली तर हातपाय कांपतात, फेफऱ्यासारखे झटके येतात, भ्रम होतो, आणि प्रसंगीं प्राण जातो. हें काम डॉक्टरांच्या नजरेखालींच व्हावयास हवें. दुसरी म्हणजे, ‘रोग्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून भाजींत, चहांत गोळी मिसळणें. अशा कांहीं पुड्यांत काय असतें तें देवच जाणे. आणि डायसल्फिरम नांवाचें जें खरें औषध आहे, तें घेतलेल्या मनुष्यानें वर दारू घेतली कीं रक्तदाब खालीं येतो, छाती धडधडते, आणि नाजुक प्रकृतीच्या मनुष्यास तें जिवावर बेतूं शकतें. तें औषध रोग्याच्या संमतीनें, डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावयाचें. दोन्ही चुकांत बीज एकच : दुसऱ्याचा रोग आपण आपल्या हातानें, त्याला न विचारतां, उपटून टाकूं.

त्याच डॉक्टरानें आंकडेहि दाखविले. २०२० साली कोक्रेन या नांवाजलेल्या संशोधनसंस्थेनें २७ अभ्यासांची, म्हणजे दहा हजारांहून अधिक रोग्यांची, छाननी प्रसिद्ध केली. ज्यांस नीट पद्धतशीर रीतीनें या बारा पायऱ्यांच्या मार्गास लावून दिलें, त्यांच्यापैकीं वर्षअखेर दारूपासून पूर्ण अलिप्त राहिलेले शेंकडा ४२ निघाले. इतर उपचारांत शेंकडा ३५. म्हणजे मार्ग चांगला, इतरांहून कांहींसा सरस. तरीहि शंभरांत अठ्ठावन्न वर्षभरांत कधीं ना कधीं घसरलेच. डॉक्टर म्हणाला, “गुरुजी, मधुमेह किंवा दमा उलटला तर आपण रोग्यास खोटारडा म्हणत नाहीं.” मी निरुत्तर झालों. आंकडा आशेचा आहे; हमीचा नाहीं.

भाऊ अखेर एका संस्थेंत गेला तो माझ्या सांगण्यानें नव्हे. त्याचें कारण भावजय.

पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठीं स्वतंत्र सभा असतात. विल्सनची पत्नी लोइस हिनें १९५१ साली अल-अनॉन या नांवानें त्या एकत्र गुंफल्या. नवरा सुटला तरी आपला राग, आपला धाक, आपलें सतत पाळत ठेवणें सुटलेलें नाहीं, हें तिच्या ध्यानांत आलें होतें. आपल्याकडे मूळ मंडळाच्या सभा मुंबईंत १९५७ च्या सुमारास सुरू झाल्या. आतां महाराष्ट्रांत त्या मराठींत ठिकठिकाणीं भरतात, आणि फी म्हणून एक पैसाहि घेत नाहींत. पुण्यास डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनीं १९८६ साली, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें, मुक्तांगण हें केंद्र सुरू केलें. तेथेंहि पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट आहे. हीं नांवें देण्याचें कारण एवढेंच कीं, पत्र लिहिणाऱ्या माउलींस मुलाच्या सभेचा पत्ता आहे, स्वतःच्या सभेचा नसावा असें दिसतें.

भावजय अशाच एका बैठकीस एका शेजारणीबरोबर जाऊं लागली. मला तें आवडलें नव्हतें. घरची गोष्ट चव्हाट्यावर कां मांडावी? दीडदोन महिन्यांनीं एका सोमवारीं मी नेहमींप्रमाणें अर्ज लिहावयास बसलों. ती चहा ठेवून तेथेंच उभी राहिली आणि म्हणाली, “अण्णा, आजपासून अर्ज नको.” मीं विचारलें, “नोकरी गेली तर?” ती म्हणाली, “जाईल कदाचित्. मी शिवणाचें काम धरलें आहे. ह्यांना शुद्ध आली म्हणजे हेच काय तें कळवतील.” आवाजांत राग नव्हता, रडें नव्हतें. नवऱ्यास ती टाकीत नव्हती. त्याच रात्रीं तो उशीरापर्यंत आला नाहीं. एरवीं ती ओसरीवर बारापर्यंत बसून राही, मी कोपऱ्यापर्यंत दोन खेपा घालीत असें. त्या रात्रीं तिनें मुलांस जेवूं घातलें, स्वतः जेवली, त्याचें ताट वाढून झांकून ठेवलें, दाराची कडी नुसती लोटली, आणि देवापुढें दोन मिनिटें बसून झोंपावयास गेली. मी मात्र पडल्या पडल्या कान देऊन जागा होतों. साडेबाराला तो आला, अडखळला, झांकण पडल्याचा आवाज झाला. कोणी उठलें नाहीं. अंधारांत एकट्यानें जेवतांना त्याचें रडणें मला ऐकूं आलें. उठून जावें असें शंभरदां वाटलें. उशी घट्ट धरून पडून राहिलों. मीं आयुष्यांत केलेल्या सर्व अनुष्ठानांत तें सर्वांत कठीण.

याचा अर्थ दुसऱ्या दिवशीं तो सुधारला, असा नाहीं. कचेरीनें नोटीस दिली. आठ महिने घरांत पैशांची ओढाताण झाली. मग एके दिवशीं तो आपण होऊन म्हणाला कीं, मला कोठें तरी घेऊन चला. पहिल्या खेपेस संस्थेंतून आल्यावर चार महिन्यांनीं पुन्हां घसरला, आणि दुसऱ्यांदा गेला. भावजयीनें दोन्ही वेळां त्याची पिशवी भरून दिली, दोन्ही वेळां ‘या’ म्हणाली, आणि केव्हां बरे होणार हें दोन्ही वेळां विचारलें नाहीं. मार खाऊन, पोटाला चिमटा घेऊन सोसत राहावें, असा मात्र याचा अर्थ कोणीं काढूं नये. जेथें अंगावर हात पडतो तेथें मुलें घेऊन बाहेर पडणें हेंहि आपल्या हातांतलें कर्म आहे, आणि तें केलेंच पाहिजे.

माउली, आपल्या मुलास आपण ‘आज सभेस गेला होतास काय’ असें रोज विचारतां, हें आपणच पत्रांत लिहिलें आहे. आठ दिवस विचारूं नका. त्याच्या खिशाचा वास घेऊं नका. आला तर जेवावयास वाढा. न आला तर झांकून ठेवा. त्याच सायंकाळीं, जमल्यास, आपण आपल्या सभेस जा. आणि हें सर्व करून तो घसरला, तर आपलें पारायण फुकट गेलें असें मनांत आणूं नका, आणि सांवरला तर आपल्यामुळें सांवरला असेंहि नको. दुसरें पहिल्याहून अवघड आहे, हें मी अनुभवानें सांगतों.

या महिन्याच्या पहिल्या रविवारीं भावाच्या दारू सुटण्यास नऊ वर्षें झालीं. त्यांची त्या दिवशींची सभा बाहेरच्यांसहि खुली होती, म्हणून तो मला घेऊन गेला. शाळेच्या एका खोलींत लहान मुलांच्या बांकांवर पंचवीसतीस माणसें दाटीनें बसलेलीं. त्यांत एक रिक्षावाला, एक निवृत्त अंमलदार, एक कोंवळा विद्यार्थी. भाऊ उठून उभा राहिला, आपलें नुसतें नांव सांगितलें, आपण दारुडे आहों असें म्हणाला, आणि आत्याबाईंच्या तीन मृत्यूंची हकीगत सांगून सर्वांस हंसविलें. मीहि हंसलों. परततांना मंडईपाशीं जुन्या संवयीनें माझ्या तोंडून निघून गेलें, “आतां पुन्हां कधीं नाहीं ना रे?”

तो म्हणाला, “आज नाहीं, अण्णा.” मग आम्हीं अळूची एक जुडी आणि चार लिंबें घेतलीं, आणि बस येईना म्हणून चालतच घरीं आलों.